गाडीचं कव्हर: नागपूरच्या उन्हाला कोणतं, रत्नागिरीच्या पावसाला कोणतं?

नवतपा | १४ एप्रिल, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीत गाडी घेतली, घरातली पहिलीच. रंग गडद लाल, आईच्या पसंतीचा. सोसायटीत छताखालच्या जागा आधीच वाटून झालेल्या, त्यामुळे आमची गाडी उघड्यावर उभी असते. पश्चिमेला आडोसा नाही. दुपारी बारापासून दिवस मावळेपर्यंत ऊन थेट अंगावर. एप्रिल अर्धाच सरलाय आणि आत्ताच स्टिअरिंगला हात लागत नाही, सीटबेल्टच्या बकलचा चटका बसतो. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, अजून सव्वा महिना लांब आहे.

काल सीताबर्डीला कव्हर बघायला गेलो. दुकानदाराने तीन दाखवली. एक पातळ चंदेरी, ९०० रुपयांचं. दुसरं जाड, रेक्झिनसारखं, आतून कापड नाही, 'शंभर टक्के वॉटरप्रूफ', १,८०० रुपये. तिसरं राखाडी, हाताला कागदासारखं लागणारं, तीन थरांचं, ३,२०० रुपये. तो म्हणाला, जाड तेच घ्या, दहा वर्षं बघायला नको.

अडचण अशी की जूनमध्ये माझी रत्नागिरीला बदली होतेय. ऑफिस घराजवळच असतं, गाडी आठवड्यातून दोनतीनदाच निघते. एकच कव्हर दोन्हीकडे चालेल का? वापरणाऱ्यांनी कृपया अनुभव सांगा.

पत्रापेंट | १४ एप्रिल, रात्री १०.०५

दुसरं अजिबात घेऊ नका. कारण सविस्तर लिहितो, आत्ता जेवायला बसलोय.

सायली_कोथरूड | १४ एप्रिल, रात्री १०.२२

माझं मत थोडं वेगळं आहे. कव्हरच घेऊ नका. आमच्या समोर दोन वर्षं बांधकाम चालू होतं. मी रोज संध्याकाळी ऑफिसातून आले की मनापासून कव्हर घालायचे, सकाळी काढायचे. वर्षभराने सर्व्हिसिंगच्या वेळी उन्हात गाडी उभी केली, तर बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे. गाडी काळी असल्याने सगळे दिसले. सिमेंटची धूळ गाडीवर बसलेली, त्यावर मी कव्हर ओढत होते. पॉलिश कागदानेच घासत होते म्हणा ना. रबिंग करून घेतलं, चरे गेले, पण रंगाचा वरचा थरही तेवढा गेला. तेव्हापासून कव्हर बंद.

मांजरपाट | १५ एप्रिल, सकाळी ६.५०

सायलीताई, दोष कव्हरचा नव्हता, धुळीचा होता.

आमच्याकडे १९८४ सालची पद्मिनी होती, कुर्ल्याच्या कारखान्यातली. वडिलांनी शिंप्याकडून मांजरपाटाचं कव्हर शिवून घेतलं होतं. आतून मऊ, जुन्या धोतरांचं अस्तर. नियम असा की गाडी आली की पहिल्यांदा पिसाऱ्याने झटकायची, मग ओल्या फडक्याने पुसायची, मग कोरड्याने, आणि इंजिन गार झालं की मगच कव्हर. कव्हर काढतानाही ओढायचं नाही. कडेकडेने वर घ्यायचं, धूळ आतल्या आत दुमडून छतावर घडी करायची. दर महिन्याला ते धुवायला पडायचं. आई म्हणायची, या घरात माझ्या साड्यांपेक्षा गाडीचे कपडे जास्त धुतले जातात. वीस वर्षं गाडी होती, नवा रंग एकदाच दिला.

मांजरपाट हवा खेळू देतो, ओला झाला तरी उन्हात लगेच वाळतो. पण पाऊस अडवत नाही. आम्ही ठाण्यात गाडी पोर्चमध्ये ठेवत होतो म्हणून चाललं, हेही सांगायला हवं.

सायली_कोथरूड | १५ एप्रिल, सकाळी ९.१५

काका, पटतं. पण सकाळी आठच्या बसला मुलाला सोडून नऊला ऑफिस गाठणाऱ्या माणसाने रोज गाडी पुसून, वाळवून, कव्हर घालायचं हे जमणार नाही. न जमणारी शिस्त गृहीत धरून सल्ला दिला तर नुकसानच होतं. रोज चालणाऱ्या गाडीला कव्हर नको, या मतावर मी ठाम आहे. आठवड्यात दोनदा निघणाऱ्या गाडीचं गणित वेगळं असेल.

रसायनी | १५ एप्रिल, दुपारी १.३०

रंग आणि राळ हाच माझा पोटापाण्याचा विषय आहे, म्हणून जरा लांब लिहितोय.

गाडीच्या पत्र्यावर रंगाचे साधारण चार थर असतात: गंज अडवणारा, प्रायमर, रंगाचा, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. चारही मिळून जाडी एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. त्यातला क्लिअर कोट ४० ते ५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). वर्तमानपत्राचा कागदसुद्धा याहून जाड असतो. ऊन, विष्ठा, चिकटा, धूळ सगळं काही हा एवढासा थर झेलतो.

उन्हातले अतिनील किरण, म्हणजे ४०० नॅनोमीटरहून आखूड लहरी, क्लिअर कोट ज्या राळेचा (रेझिनचा) असतो तिच्यातले बंध तोडतात. म्हणून क्लिअर कोटमध्ये असे किरण शोषणारी द्रव्यं मिसळलेली असतात. ती वर्षानुवर्षं झिजत जातात. झिजली की आधी चकाकी जाते, मग पांढुरके चट्टे, मग पापुद्रे. जुन्या गाड्यांचं छत आणि बॉनेटच आधी का जातं? ते आडवे असतात, डोक्यावरचं ऊन पूर्ण घेतात. दारांना तिरपं ऊन मिळतं. लाल रंगाला जास्त जपावं लागतं हेही खरं. पांढऱ्या रंगातलं टायटॅनियम डायऑक्साइड स्वतःच अतिनील किरण शोषतं आणि टिकून राहतं. लाल रंगद्रव्यांपैकी बरीच सेंद्रिय असतात, ती विटतात.

आता तुमची तीन कव्हरं.

चंदेरी: हे बहुधा पॉलिएस्टर तफेता. त्यावर '१९०टी' लिहिलेलं असेल. त्याचा अर्थ एका चौरस इंचात उभे-आडवे मिळून १९० धागे, बस. 'जीएसएम' म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममध्ये वजन. कापड दाट आहे की विरळ, जड आहे की हलकं हे या आकड्यांवरून कळतं. ते ऊन किती काळ सोसेल हे कळत नाही. चंदेरी लेप ऊन परतवतो हे खरं, पण स्वस्त लेप काही महिन्यांत सुटायला लागतो. त्याची चंदेरी भुकटी मग गाडीवर चिकटलेली दिसते.

रेक्झिनसारखं: पीव्हीसी. पाणी बाहेरून आत येत नाही, तसंच आतलं बाहेर जात नाही. त्याबद्दल पत्रापेंट लिहितीलच.

राखाडी तीन थरांचं: पॉलिप्रॉपिलीनचं न विणलेलं कापड दोन बाजूंना आणि मध्ये सूक्ष्म छिद्रांची फिल्म. छिद्रं इतकी लहान की पावसाचा थेंब जात नाही, पण वाफ निघून जाते. कल्पना उत्तम. पण पॉलिप्रॉपिलीन जात्याच उन्हाला कच्चं. लग्नात मिळणाऱ्या त्या कापडासारख्या पिशव्या गच्चीवर उन्हाळाभर विसरल्या तर काय होतं आठवा: हात लावला की भुगा. त्यात अतिनील किरणांना तोंड देणारी द्रव्यं पुरेशी मिसळली असतील तरच टिकतं. तेव्हा दुकानात जाडी विचारू नका. 'यूव्ही स्टॅबिलाइज्ड आहे का, उन्हातल्या वापराची किती महिन्यांची हमी लेखी देता' हे विचारा.

तिखटमीठ | १५ एप्रिल, दुपारी २.१०

आमच्या आजीने कव्हर घातलेली गाडी पहिल्यांदा पाहिली आणि म्हणाली, "अगो बाई, हिला झबलं घातलंत! टोपडं कुठाय?"

नवतपा | १५ एप्रिल, दुपारी ३.००

तिखटमीठ, आईला वाचून दाखवलं, खूप हसली. आता आमच्याकडेही त्याला झबलंच म्हणणार.

रसायनी सर, फार आभार. एक शंका. कव्हर घातलं की गाडी आतून गार राहील की उलट भट्टी होईल? ऑफिसात दोन्ही मतं ऐकली.

रसायनी | १५ एप्रिल, दुपारी ४.२०

उघड्या गाडीपेक्षा नक्कीच कमी तापेल. काचेतून ऊन आत येतं, डॅशबोर्ड आणि सीट तापतात, आणि त्यांच्यातून बाहेर पडणारी उष्णता काच बाहेर जाऊ देत नाही. बाहेर ४० असताना बंद गाडीत तासाभरात साठच्या आसपास जातं. कव्हर काचांवर ऊन पडूच देत नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा फायदा आणि तो साध्या चंदेरी कव्हरनेही मिळतो. आणखी एक: पुढची काच दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पडदा घालून केलेली असते, तो पडदा जवळजवळ सगळे अतिनील किरण अडवतो. बाजूच्या काचांना तो सहसा नसतो. सीटचं कापड दाराच्या बाजूनेच आधी विटतं ते त्यामुळे.

आणि बातम्यांत जे '४५ अंश' सांगतात ते सावलीतलं, हवेशीर पांढऱ्या पेटीतल्या तापमापकाचं असतं. उन्हातला लाल पत्रा त्याच्या कितीतरी वर असतो.

द्राक्षबाग | १५ एप्रिल, रात्री ८.४५

निफाडहून राम राम.

आम्हा बागाईतदारांचं आयुष्य प्लॅस्टिक आणि जाळीत गेलं, म्हणून दोन शब्द. 'यूव्ही स्टॅबिलाइज्ड' हा शब्द शेतकऱ्याला पाठ असतो. पॉलिहाऊसचा २०० मायक्रॉनचा कागद तसला नसला तर दुसऱ्या उन्हाळ्यात चिंध्या होतात. कव्हरचंही तेच.

पण माझा सल्ला वेगळा. गाडीला चिकटलेलं काही घालूच नका, वर सावली करा. मी घराशेजारी चार जीआय पाइप रोवले, वर ७५ टक्के ऊन अडवणारी हिरवी शेडनेट ताणली. गाडीच्या टपापासून तीन-चार हात वर. तासगावकडे बेदाण्याच्या शेडला असते तीच जाळी. गाडीला काही घासत नाही, वारा खालून खेळतो, जाळी तापली तरी तिची धग गाडीला लागत नाही. झाडाखाली उभी केल्यासारखं वाटतं आणि झाडाची घाण नाही. जाळी फाटली की नवी टाकायची, खर्च कव्हरपेक्षा जास्त नाही.

सोसायटीत पाइप रोवू देत नसतील तर भिंतीच्या हुकांवरून दुपारपुरती ताणता येईल का ते विचारा.

मस्कतकर | १५ एप्रिल, रात्री ११.१०

द्राक्षबाग दादांना पूर्ण अनुमोदन. इथे ओमानमध्ये ऑफिसांच्या, इमारतींच्या आवारात जागोजागी ताणलेल्या कापडाच्या छत्र्या असतात, त्याखाली गाड्या. मी मूळचा सोलापूरचा, ऊन मला नवं नव्हतं. नवं होतं ते वाळू आणि रात्रीचा दमटपणा. समुद्रामुळे उन्हाळ्यात पहाटे गाडीवर एवढं दव असतं की वायपर लावावा लागतो. दिवसा कव्हरवर बसलेली बारीक वाळू रात्री ओली होते, सकाळी तिचा लेप होतो. अशा वेळी कव्हर ओढलं तर सायलीताईंचा अनुभव नक्की. मी कव्हर फक्त सुट्टीवर भारतात येताना घालतो, तेही तळघरातल्या पार्किंगमध्ये.

पत्रापेंट | १६ एप्रिल, सकाळी ७.३०

उशीर झाला, माफ करा. कोल्हापुरात २२ वर्षं डेंटिंग-पेंटिंगचं काम करतोय. बघितलेलं सांगतो.

एका गिऱ्हाइकाने गाडी चार महिने बंद ठेवली होती, जून ते सप्टेंबर, असलंच पीव्हीसीचं जाड कव्हर घालून. अंगणात फरशी नव्हती, माती. कव्हर जमिनीपर्यंत आलेलं, खाली दोरीने आवळून बांधलेलं. त्याला वाटत होतं गाडी कोरडी आहे. बरोबर, वरून एक थेंब आत गेला नव्हता. पण खालच्या ओल्या मातीतून वाफ येत राहिली, बाहेर जायला वाट नाही, रात्री गार झाली की कव्हरच्या आतल्या बाजूला पाणी. ते टपावर ठिबकायचं. मधे ऊन पडलं की आत परत वाफ. चार महिने गाडी इडलीच्या भांड्यात होती असं समजा.

उघडलं तर टपावर हरभऱ्याएवढे फोड, दाराच्या बीडिंगखाली गंज, आत सीटवर पांढरी बुरशी, आणि जिथे जिथे कव्हर टेकलं होतं तिथे ढगासारखे डाग. डाग पॉलिशने जात नव्हते, कारण ते क्लिअर कोटच्या आत होते. टप आणि बॉनेट पत्र्यापर्यंत घासून परत रंगवावं लागलं. तो माणूस रडवेला झाला होता. 'मी एवढी काळजी घेतली आणि...' एवढंच म्हणत होता. म्हणून मी परवा जेवता जेवता 'अजिबात घेऊ नका' लिहून टाकलं.

आणखी काही गोष्टी, सुचतील तशा:

गॅरेजमध्ये नव्याने रंगवून घेतलेली गाडी निदान महिनाभर कव्हरखाली घालू नका. कंपनीत रंग भट्टीत पक्का होतो. गॅरेजमधला रंग हळूहळू वाळत असतो, त्याला हवा पाहिजे.

वारा हा उन्हाइतकाच शत्रू. सैल कव्हर दिवसभर फडफडत असतं, आरशांवर, कोपऱ्यांवर, अँटेनापाशी रंग खातं. तुमच्या गाडीच्या मापाचं, आरशांना खिसे असलेलं, पोटाखालून बकल लागणारं घ्या. 'सगळ्या गाड्यांना बसतं' ते कुठल्याच गाडीला नीट बसत नाही.

पक्ष्यांची घाण उन्हात तशीच ठेवू नका. उन्हाने क्लिअर कोट मऊ होतो, घाण वाळून आकसते, गार झाल्यावर तिचा ठसा कायमचा उमटतो. कव्हरवर पडली तर कव्हर धुता येतं, हा कव्हरचा माझ्या मते सगळ्यात मोठा उपयोग.

कातळसडा | १६ एप्रिल, सकाळी १०.००

आता रत्नागिरीचं सांगतो, तिथलाच आहे.

नवतपा, तुम्ही नागपूरची सवय घेऊन येणार, तेव्हा आधीच सांगून ठेवतो. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. तुमच्या तिप्पट म्हणा. आषाढात आठ आठ दिवस कपडे वाळत नाहीत. मग मोटारीचं कव्हर कुठून वाळणार? कितीही महाग, कितीही श्वास घेणारं असलं तरी बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असली की आतली वाफ जाणार कुठे? शिवाय पाणी कापडातून कमी, शिवणीतून जास्त येतं. सुईचं प्रत्येक भोक गळतं.

म्हणून आमच्याकडे जुनी माणसं अंगाला चिकटणारं काही पांघरत नसत. इरलं आठवा. पाठीवर पानांचं ते छप्पर, खाली मोकळी हवा, माणूस दिवसभर लावणी करायचा आणि पाठ कोरडी. घराच्या पावसाळी बाजूलाही माडाच्या विणलेल्या झावळ्यांची झापं भिंतीपासून जरा सुटी बांधतात. पाणी अडलं पाहिजे आणि भिंतीने श्वास घेतला पाहिजे. द्राक्षबाग म्हणतात ती शेडनेटची गोष्ट आणि इरल्याची गोष्ट एकच आहे.

तेव्हा पावसाळ्यात कव्हर नको. पत्र्याचा मांडव असलेलं भाड्याचं घर शोधा. तेही नाही मिळालं तर उघड्यावर भिजू द्या. पावसाने गाडी धुतली जाते, वाईट काही होत नाही. आठवड्यातून दोनदा अर्धा तास चालवा, एसी लावा म्हणजे आतला ओलावा जातो.

समुद्राजवळ घर घेतलंत तर मीठ लक्षात ठेवा. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतः पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाझर फुटतो तसं. खारं, ओलं कव्हर पत्र्याला चिकटून राहणं म्हणजे गंजाला बोलावणं.

आणि जानेवारीत आंब्याखाली गाडी लावू नका! मोहरावर तुडतुडे आले की खाली चिकटा गळतो, आम्ही त्याला खार म्हणतो. त्यावर काळी बुरशी धरते. तेव्हा मात्र झबलं घाला, अगदी ९०० रुपयांचं चालेल.

मांजरपाट | १६ एप्रिल, सकाळी ११.२०

इरल्याचा दाखला फार आवडला. लहानपणी मामाकडे भातलावणीला इरलं पांघरून बसायचो. आतून पावसाचा आवाज वेगळाच येतो.

उंदीरमामा | १६ एप्रिल, दुपारी १२.४५

विषयाला सोडून नाही, पण कुणीच लिहिलं नाही म्हणून. कव्हर म्हणजे उंदरांना अंधार, ऊब आणि आडोसा. आमच्या बदलापूरच्या गाडीची वायरिंग दोनदा कुरतडली, दोन्हीदा कव्हर घातलेलं असताना. आता आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून बघतो.

तिखटमीठ | १६ एप्रिल, दुपारी १.०५

आमच्याकडे उंदीर नाही कारण कव्हरखाली मांजर राहते. तीन पिल्लं झालीयेत. गाडी सध्या पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत बंद.

सायली_कोथरूड | १६ एप्रिल, दुपारी १.३०

तिखटमीठ, पिल्लांचे फोटो टाका, कव्हरचं नंतर बघू!

एमएच१२_बुलेट | १६ एप्रिल, दुपारी ३.१५

दुचाकीवाल्यांसाठी: सायलेन्सर गार झाल्याशिवाय कव्हर घालू नका. पॉलिप्रॉपिलीन १६०-१६५ अंशांना वितळतं. माझं वितळून सायलेन्सरला असं चिकटलं की ब्लेडने खरवडावं लागलं. चारचाकीच्या मागच्या बंपरखालीही तेच होऊ शकतं. आणि दिवाळीत चार दिवस कव्हर काढून ठेवा. आमच्या गल्लीत एका गाडीवर रॉकेट पडलं. नुसत्या पत्र्यावर पडलं असतं तर काळा डाग पडला असता. कव्हर पेटलं, वितळलेलं प्लॅस्टिक रंगावर पसरलं, टप आणि मागची काच दोन्ही गेली.

नवतपा | १६ एप्रिल, रात्री ९.००

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कुणी दुकानात सांगत नाही.

माझ्या मनात आता असं ठरतंय. नागपूरला दीड महिना कोरडं ऊन आहे, दमटपणा नाही, गाडी कमी निघते. म्हणजे कव्हर घालण्याची सगळ्यात योग्य जागा आणि वेळ हीच. जाड नको, आतून मऊ अस्तराचं, मापाचं, बकलवालं घेतो. सेक्रेटरी काकांना शेडनेटचंही विचारलंय, ते म्हणाले मीटिंगमध्ये ठेवू. रत्नागिरीत मांडव असलेलं घर शोधतो.

रसायनी | १६ एप्रिल, रात्री ९.३५

योग्य. फक्त वावटळीच्या दिवशी कव्हर आधी बाहेरून पाण्याच्या फवाऱ्याने धुवा, वाळू द्या, मगच काढा. आणि हेडलाइट झाकले जातील इतकं खाली येऊ द्या. त्यांची 'काच' म्हणजे पॉलिकार्बोनेट असतं, वरचा रक्षक लेप उन्हाने गेला की ते पिवळं पडतं.

सायली_कोथरूड | १७ एप्रिल, सकाळी ८.५०

नवतपांच्या बाबतीत माझा विरोध मागे घेते. पण काम सुरू असलेल्या इमारतीशेजारी राहणाऱ्यांनी माझा आधीचा प्रतिसाद जरूर वाचावा.

नवतपा | २१ सप्टेंबर, रात्री १०.१५

धागा वर काढतोय, कारण कुणीतरी शोधत येईल.

नागपूर: आतून कापसासारखं अस्तर असलेलं, आरशांना खिसे असलेलं कव्हर २,६०० रुपयांना घेतलं. मांजरपाट काकांची पद्धत पाळली. दर वेळी वीस मिनिटं लागली, पण आठवड्यातून दोनदाच. रविवारी बाबा मदतीला यायचे, पुसता पुसता त्यांच्या जुन्या स्कूटरच्या गोष्टी निघायच्या. स्टिअरिंग दुपारी चारलाही हातात धरवत होतं. शेडनेटचा ठराव मे अखेर मंजूर झाला आणि आम्ही निघालो. आता तिथे सहा गाड्या सावलीत उभ्या असतात, शेजाऱ्यांनी फोटो पाठवला.

एक चूक झाली. जूनच्या पहिल्या आठवड्यात, सामान बांधायच्या गडबडीत, रात्री वळवाचा पाऊस आला आणि ओलं कव्हर तसंच दोन दिवस राहिलं. काढलं तर बॉनेटवर पुसट ढगासारखा डाग. पत्रापेंटना फोटो पाठवला होता, त्यांनी सांगितल्याप्रमाणे गाडी दोनतीन दिवस कोरड्या हवेत उघडी ठेवली आणि डाग गेला. नशीब.

रत्नागिरी: पत्र्याचा मांडव असलेलं घर मिळालं, कातळसडा दादांच्या ओळखीतूनच. जून ते आत्तापर्यंत कव्हर पेटीत आहे. जांभ्याच्या लाल चिखलाने चाकांच्या कमानी माखतात तेवढ्या धुतो.

कातळसडा | २१ सप्टेंबर, रात्री १०.४०

पेटीतलं कव्हर एकदा बाहेर काढून वास घेऊन बघा. इथे पेटीतही बुरशी धरते. उद्या ऊन आहे म्हणतायत, अंगणात वाळत घाला आणि मग परत ठेवा. जानेवारीत लागेलच, तुमच्या मांडवाशेजारी हापूसचं झाड आहे.

तिखटमीठ | २१ सप्टेंबर, रात्री १०.५५

आणि घडी घालायच्या आधी झटकून बघा, आत पिल्लं नाहीत ना.